बिऱ्हाड ॲबी वुडला

लंडन बघायला सात मीटर लांबीचं मोटारहोम घेऊन जाणं म्हणजे मुंबई दर्शनाला बेस्टची बस स्वतः चालवत नेण्यासारखं आहे. गाडीची उंची तीन मीटरला टेकलेली आणि सुपरमार्केटांच्या पार्किंगच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटरवर आडवा दांडा. मध्य लंडनमध्ये 2003 सालापासून गर्दीशुल्क आहे. 29 ऑगस्ट 2023पासून प्रदूषणशुल्काचं क्षेत्रही साऱ्या लंडनभर पसरलं. साडेतीन टनांच्या आतली डिझेलची गाडी युरो 6 मानकात बसत नसेल, तर दिवसाला साडेबारा पौंड मोजायचे. सुटका फक्त नाताळच्या दिवशी. तरीही उन्हाळा लागला की जर्मन, डच, फ्रेंच पाट्यांची मोटारहोम्स लंडनकडे येतातच. ती मध्य शहरात शिरत नाहीत, एवढंच.

त्यांतली बरीच थांबतात ती ॲबी वुडला. हे लंडनचं आग्नेय टोक. एका अंगाला थेम्स, दुसऱ्या अंगाला झाडीने भरलेली टेकडी आणि मधे एलिझाबेथ लाईनचं शेवटचं स्टेशन. ही लाईन 24 मे 2022 रोजी सुरू झाली आणि ॲबी वुडचे दिवस पालटले. इथली जुनी रेल्वे 1849ची, ती अजूनही धावते, पण तिला घाई नसते. नवी गाडी नऊ डब्यांची, दोनशे मीटर लांब, वातानुकूलित आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून मोकळी. ती कॅनरी वॉर्फला अकरा-बारा मिनिटांत आणि पॅडिंग्टनला अर्ध्या तासात नेऊन सोडते. तिकिटाच्या रांगा नाहीत. बँकेचं कार्ड फाटकावर टेकवायचं आणि आत जायचं. दिवसभर कितीही हिंडलात तरी ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. कॅम्पसाइट स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

माझा मावसभाऊ रेडिंगला राहतो, आणि रेडिंग हे याच लाईनचं पश्चिमेकडचं टोक. केंटचा किनारा हिंडून आम्ही ॲबी वुडला मुक्कामाला आलो, तेव्हा गाडी साइटवर लावून ट्रेनमध्ये बसलो असतो तर दीडेक तासात त्याच्या घरी गादीवर पडता आलं असतं. वहिनीने हे बोलूनही दाखवलं. "घरी जाऊन वरणभात खाऊ, सकाळी परत येऊ. काय बिघडतं?" भाऊ म्हणाला, "भाडं भरलंय गाडीचं." कोकणस्थाच्या घरात यापुढे वाद चालत नाही.

गाडी त्यानेच चालवली. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिने हलकं वाहन चालवता येतं, आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. पण मोटारहोम हे प्रकरण वेगळं. युरोपातली बहुतेक मोटारहोम्स फियाट डुकाटो या मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर बांधलेली असतात, आमचंही होतं. स्वयंपाकघर, पलंग, संडास आणि चार माणसं पाठीवर घेऊन ते वळणावर कलतं, आणि आतली भांडी त्याची दवंडी पिटतात. साध्या नकाशाच्या ॲपला गाडीची उंची कळत नाही. म्हणून चालकाच्या डोळ्यांसमोर उंचीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. रेल्वेचा जुना कमानी पूल समोर आला की सगळे एकदम गप्प होऊन त्या चिठ्ठीकडे बघतात.

साइटच्या रस्त्याचं नाव फेडरेशन रोड. आसपासच्या रस्त्यांची नावं ओवेनाइट, रॉचडेल, काँग्रेस; सगळी सहकार चळवळीतून आलेली. सहकार हा विषय घेऊन शिकलेल्या मराठी माणसाला यातलं रॉचडेल तरी नक्की आठवेल. वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी 1868 साली एक सहकारी सोसायटी काढली. पुढे ती रॉयल आर्सेनल को-ऑपरेटिव्ह सोसायटी म्हणून दक्षिण लंडनभर पसरली. या सोसायटीने इथली शेतजमीन विकत घेऊन 1900पासून कामगारांसाठी हजाराच्या आसपास घरं बांधली. बांधकामासाठी लागणारा खडूही इथल्याच जमिनीखालून खणून काढला. विटांची ती ठेंगणी, नेटकी घरं अजून उभी आहेत. घरांच्या मागच्या रानाला आजही को-ऑपरेटिव्ह वुड्स म्हणतात. आपल्याकडे सहकाराने साखर कारखाने उभारले आणि त्यांतून राजकारण उभं राहिलं. इथे सहकाराने दुकानं आणि घरं दिली, आणि त्याची खूण आता रस्त्यांच्या पाट्यांवर उरली आहे.

साइट चालवतो तो कॅरव्हॅन अँड मोटारहोम क्लब. त्याची स्थापना 1907ची; नावात मोटारहोम आलं 2017 साली. त्याआधी तो नुसता कॅरव्हॅन क्लब होता. या छंदाचा मूळपुरुष मात्र क्लबच्याही आधीचा. डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी 1885 साली ब्रिस्टलच्या रेल्वेडबे बांधणाऱ्या कारखान्याकडून महागनी लाकडाचा, दोन घोड्यांनी ओढायचा एक फिरता बंगलाच बांधून घेतला. नाव ठेवलं वाँडरर. त्याआधी चाकांवरच्या घरात राहायचे ते जिप्सी आणि सर्कसवाले, पोटासाठी. हौसेखातर असं राहणारा पहिला माणूस म्हणून स्टेबल्सचं नाव घेतात. सोबत गडी, गाडीवान, कुत्रा आणि पोपट. पुढे रस्ता मोकळा आहे का ते बघायला गडी तीनचाकी सायकलवरून आधी जायचा. आज उंचीची चिठ्ठी जे करते ते तेव्हा हा गडी करायचा. ट्वायफर्डहून निघालेली ही वरात स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेली. ट्वायफर्ड म्हणजे रेडिंगच्या अलीकडचं, एलिझाबेथ लाईनवरचंच स्टेशन. वाँडरर अजून शाबूत आहे आणि क्लबच्याच मालकीचं आहे.

साइटवर पोचल्यावरचा पहिला अर्धा तास नवशिक्याची परीक्षा घेतो. जागा चढणीची असेल तर चाकांखाली प्लॅस्टिकच्या पाचरी सरकवून गाडी सपाट करायची. नाहीतर रात्री सगळे एका कुशीला घरंगळतात आणि न्हाणीतलं पाणी भलत्या कोपऱ्यात साचतं. दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. आग लागली तर ती शेजारी पोचू नये हे त्याचं कारण. आमच्या हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास शेजाऱ्यांपर्यंत जाऊ नये, एवढं मात्र ते अंतर नाही. पलीकडच्या डच आजोबांनी दुसऱ्या दिवशी येऊन काय शिजतंय ते विचारलं आणि पोह्यांची बशी हक्काने नेली.

मग वीज. जागेच्या कडेला खांब, त्याला निळी केबल. सोळा अँपिअर म्हणजे साधारण साडेतीन हजार वॉट, त्यापुढे खटका पडतो. इंग्रजांच्या घरातली चहाची इलेक्ट्रिक किटली एकटीच तीन हजार वॉटच्या आसपास खाते. तिच्या जोडीला हीटर लावला की अंधार. म्हणून मुरलेले लोक कमी वॉटची किटली बाळगतात. पाणी सावकाश उकळतं, पण उकळतं. गॅस असतो तो प्रोपेन. ब्युटेनचा शून्य अंशाच्या आसपास वायू होईनासा होतो आणि थंडीत सिलिंडर भरलेला असूनही शेगडी विझते. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत दगा देत नाही. फ्रिज मोठा लबाड. उभ्या गाडीत खांबाच्या विजेवर, चालत्या गाडीत बॅटरीवर आणि रानात गॅसवर, असा तीन घरी जेवतो.

पाण्याचा हिशेब मात्र मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. टाकीत साधारण शंभर लिटर. चौघांच्या आंघोळी गाडीत केल्या तर दुपारपर्यंत खडखडाट. म्हणून साइटच्या न्हाणीघरात जायचं; तिथे गरम पाण्याला तोटा नाही. रेडिंगच्या घरात अर्धा तास शॉवरखाली उभा राहणारा भाचा इथे दुसऱ्या दिवसापासून दात घासताना नळ बंद करू लागला. ज्याला हंडा वाहावा लागतो त्याला पाणी कळतं, हे त्याच्या आजीने त्याला फोनवर पुष्कळदा सांगितलं होतं. भांड्यांचं-अंघोळीचं सांडपाणी गाडीखालच्या वेगळ्या टाकीत साठतं आणि ठरलेल्या जाळीवर गाडी नेऊन सोडावं लागतं. आणि संडासाची असते ती कॅसेट. अठरा-वीस लिटरचा प्लॅस्टिकचा चपटा डबा, चाकं आणि दांडा लावलेला. चौघांत दीड दिवसात भरतो. सकाळी आठच्या सुमाराला साइटवरून एक फेरी मारावी. टापटीप कपड्यांतले निवृत्त गृहस्थ आपापली कॅसेट ओढत एका दिशेने चाललेले असतात, आणि एकमेकांना अदबीने 'गुड मॉर्निंग' म्हणतात. इंग्रजांच्या वर्गव्यवस्थेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या फेरीत ती दिसत नाही.

पहाटे जाग आली ती पोपटांच्या कलकलाटाने. गळ्याभोवती गुलाबी-काळं वळं असलेला, आपल्याकडे पेरूच्या बागेत धुडगूस घालणारा, तोच हिरवा पोपट. लंडनच्या आसपास तो मोकळ्यावर वीण घालतो अशी नोंद 1969 सालापासून आहे, आणि आता थव्यांनी आढळतो. पाळीव पोपट सुटून वाढत गेले, इतकी साधी ही गोष्ट. पण लोकांना ती पुरत नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने कार्नबी स्ट्रीटवर जोडी सोडली, इथपासून ते सिनेमाच्या सेटवरून पळाले, इथपर्यंत कहाण्या रंगवल्या जातात. संशोधकांनी नोंदी तपासून त्या खोडून काढल्या तरी चालूच आहेत. वहिनी म्हणाली, "व्हिसाची भानगड नाही बघ यांना."

शहर बघायचं ते ट्रेनने. बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज वगैरे सगळ्यांनी बघितलेलं असतं, न बघितलेल्यांनी फोटोत बघितलेलं असतं. त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. एक ठिकाण मात्र मराठी प्रवाशाने चुकवू नये. टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून नॉर्दर्न लाईनने चॉक फार्मला जावं. तिथून थोड्याच अंतरावर 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते विकत घेतलं. निवासी वस्तीत संग्रहालय नको म्हणून स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली होती; प्रकरण वर गेलं आणि मार्च 2020मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली. गल्ली शांत, घरं श्रीमंती. बाहेरून बघितलं तर इतर घरांसारखंच एक घर, फक्त भिंतीवर निळी गोल पाटी. आम्ही गेलो तेव्हा नागपूरकडची मंडळी दारात चप्पल काढून आत जात होती. तसा नियम नव्हता तिथे.

परतताना वुलिचला उतरून फेरीबोटीने थेम्स ओलांडून यावं आणि पुन्हा त्याच बोटीने परत फिरावं. काम काही नसतं, पण ती फुकट आहे. वुलिच फेरी 1889 सालापासून फुकट आहे, माणसांना आणि गाड्यांनाही. ज्या शहरात उभं राहायचेही पैसे पडतात तिथे ही चैन सोडवत नाही.

ॲबी वुडला नाव मिळालं ते लेसनेस ॲबीवरून. इंग्लंडच्या राजाचा मुख्य कारभारी (जस्टिशियर) रिचर्ड द लुसी याने 1178 साली हा मठ बांधला. आर्चबिशप थॉमस बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून, असं मानतात. कार्डिनल वूल्झीने 1525 साली तो बंद केला. आता गुडघ्या-कमरेइतक्या भिंतींचे अवशेष राहिलेत, आणि त्यांच्या पलीकडे, उतारावरून, कॅनरी वॉर्फचे काचेचे मनोरे. दुपारी भिंतीवर बसून पोरं चिप्स खातात.

पण या मुक्कामातलं खरं बघण्यासारखं ठिकाण नदीकाठी आहे, आणि त्याचा संबंध थेट आमच्या कॅसेटशी. 1858 सालच्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण झाली की नदीकाठच्या पार्लमेंटच्या खिडक्यांना क्लोराइड ऑफ लाइममध्ये बुडवलेले पडदे लावावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत वास पोचल्यावर पैसे लगेच मंजूर झाले. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने नदीला समांतर मोठमोठे भुयारी नाले बांधून शहराची घाण पूर्वेला वळवली. दक्षिण लंडनचे नाले येऊन मिळाले ते ॲबी वुडच्या उत्तरेला, क्रॉसनेसच्या दलदलीत. तिथे पाणी खोल असायचं. ते वर उचलून साठवायचं आणि ओहोटी लागली की नदीत सोडायचं. उचलायला चार प्रचंड वाफेची इंजिनं: व्हिक्टोरिया, प्रिन्स कन्सॉर्ट, अल्बर्ट एडवर्ड आणि अलेक्झांड्रा. मैला उपसणाऱ्या यंत्रांना राजघराण्याची नावं, आणि 4 एप्रिल 1865 रोजी उद्घाटन खुद्द युवराजाच्या हस्ते. आपल्याकडे एखाद्या पंपिंग स्टेशनला पुढाऱ्याचं नाव देऊन बघा.

आत गेल्यावर माणूस चक्रावतो. ओतीव लोखंडाचे खांब, वेलबुट्टीच्या जाळ्या, लाल-हिरवा-सोनेरी रंग. देवळाच्या सभामंडपात करावं तितकं नक्षीकाम, आणि मधोमध सत्तेचाळीस टनांची तुळई व बावन्न टनांचं चाक. यंत्रं 1950च्या दशकात बंद पडली, गंजली, चोरांनी पितळ नेलं. पुढे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून 2003 साली त्यांतलं प्रिन्स कन्सॉर्ट पुन्हा फिरवलं. बाकीच्यांपैकी काही अजून गंजाच्या रंगाची. एक चकचकीत आणि एक गंजलेलं शेजारी शेजारी बघितलं की स्वयंसेवकांनी काय केलं ते सांगावं लागत नाही.

बॅझलजेटच्या योजनेतली खोटही इथेच उघडी पडली. घाण शहराबाहेर गेली, पण नदीतच गेली, प्रक्रिया न होता. 3 सप्टेंबर 1878च्या संध्याकाळी सहलीहून परतणारी प्रिन्सेस ॲलिस ही बोट इथून जवळच टक्कर होऊन बुडाली. थोड्याच वेळापूर्वी नाल्यांची दारं उघडली होती. सहाशेवर माणसं गेली. त्यानंतर मैल्यातला घन भाग वेगळा काढून जहाजाने समुद्रात नेऊन टाकू लागले. ते बंद व्हायला 1998 उजाडलं. आज क्रॉसनेसला मोठं आधुनिक केंद्र आहे आणि दक्षिण लंडनचं सांडपाणी अजूनही तिथेच जातं. प्लमस्टेडहून क्रॉसनेसच्या दिशेने गवताळ बांधावरून एक पायवाट जाते, रिजवे. कुत्री फिरवणारे, सायकलवाले, ब्लॅकबेरी खुडणारी मुलं. बांधाच्या पोटात बॅझलजेटचा नाला वाहतो आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो थांबून खाली बघू लागला. "म्हणजे आपली कॅसेट?" हो, बहुधा तीही.

मोठ्या शहराजवळ मोटारहोमने राहण्यात काय आहे, असं परतल्यावर पुण्यात विचारलं गेलं. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का, हा त्यातला खरा प्रश्न. गाडीचं भाडं, डिझेल आणि जागेचे पैसे धरले तर दोघांना नाही पडत. चार-पाच जणांच्या कुटुंबाला, रोज दोन वेळा गाडीतच शिजवणार असाल तर, पडू शकतं. पण हॉटेलात उतरलेल्याला बॅझलजेट भेटत नाही. शहराचं पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, कामगार कुठे राहिले, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. कॅम्पसाइटवाल्याला रोज सकाळी आठला तो येतो.

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर कॅरव्हॅन पार्कचाही विचार आहे, हे बरं झालं. कारण गाडी देखणी बांधून देणारे कारागीर आपल्याकडे आहेतच. अडतं ते रात्री ती उभी कुठे करायची आणि कॅसेट कुठे रिकामी करायची इथे. ब्रिटनमध्ये क्लबांना पाच गाड्यांपुरती छोटी जागा प्रमाणित करायचा अधिकार 1960च्या कायद्याने आहे. त्यामुळे शेतकरी आपल्या वावराच्या कोपऱ्यात नळ आणि मैला टाकायची सोय करून चार पैसे मिळवतो. आपल्या कृषी पर्यटनवाल्यांनी एवढं जरी केलं तरी सुरुवात होईल. आणि मुंबईजवळ पार्क काढणार असाल तर तो लोकलच्या स्टेशनापासून चालत जाण्याजोगा काढा. डोंगरातला देखावा नंतर बघू.

ॲबी वुडला जाणार असाल तर क्लबचं सभासदत्व सक्तीचं नाही, बिगरसभासदांना थोडे जास्त पैसे पडतात. तंबूवाल्यांनाही जागा मिळते. उन्हाळ्याच्या सुटीतल्या आणि शनिवार-रविवारच्या जागा फार आधी भरतात. किटली कमी वॉटची घ्या. आणि क्रॉसनेसची इंजिनं रोज बघता येत नाहीत, ठरावीक दिवशीच उघडतात. त्या तारखा आधी पाहा आणि मग विमानाचं तिकीट काढा.